माळखेड्याची माती

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकदा जरी घरून निघून, मध्ये कुठल्याही खड्ड्यात न उतरता, ठरलेल्या ठिकाणी वेळेवर पोहोचून दाखवलं असेल, तर मी माझे सगळे ब्रश गोदावरीत सोडून द्यायला तयार आहे. खड्डा म्हणजे खराखुरा खड्डा. घराच्या पायाचा असो, विहिरीचा असो, नाहीतर टेलिफोनच्या केबलसाठी खणलेला चर असो, दाजींना काहीही चालायचं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नाशकात जिकडे बघावं तिकडे इमारतींचे पाये खणले जात होते आणि गंगापूर रोडवरून दाजींना स्कूटरवर मागे बसवून नेणं हे माझ्या नशिबी वरचेवर यायचं. पाठीवर थाप पडायची. "मास्तर, जरा थांबवा." मी थांबवायचो. पँटचे पायचे दुमडून दाजी खाली उतरायचे, खिशातला चाकू काढून मातीची भिंत खरवडत बसायचे आणि मी वर स्कूटरला टेकून लग्नाचा मुहूर्त, डॉक्टरांची वेळ, मुंबईची गाडी, जे काही त्या दिवशी असेल ते टळताना बघत उभा राहायचो. एकदा एका बिल्डरच्या मुकादमाने त्यांना महापालिकेचे साहेब समजून खुर्ची, थंडा आणि पेढ्यांचा पुडा आणून दिला. दाजींनी शांतपणे एक पेढा खाल्ला आणि "तुमची ही काळी माती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात फाटणार, आणि तिच्याबरोबर तुमची भिंतही फाटणार," एवढं सांगून ते वर आले. मुकादमाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उरलेला पुडा घाईत तिथेच राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

दाजी म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणायचो. मी एका शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. सरकारी नोकरीत राहून गावोगावच्या मातीची पाहणी करायची आणि तिची वर्गवारी लावायची, हे त्यांचं काम. माती म्हणजे माती, असं इतर लोकांप्रमाणे मलाही वाटायचं आणि त्या अज्ञानात मी फार सुखी होतो. लग्नानंतर पहिल्याच दिवाळसणाला दाजींनी माझं ते सुख काढून घेतलं. माझ्या ताटातला अनारसा उचलून त्यांनी मधोमध मोडला आणि त्याची जाळी माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मास्तर, वाळवंटातल्या पोयट्याच्या मातीवर पावसाची एक सर पडून गेली ना, की वर पापडी धरते. त्या पापडीखाली बघा, अगदी अशीच जाळी पडते. हवा कोंडते आत." मग त्यांनी तो अनारसा खाल्ला. माझ्या ताटात पुन्हा अनारसा आला नाही, कारण सासूबाईंनी मोजकेच केले होते.

हे वाळवंट त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं तेही सांगायला हवं. तरुणपणी दाजींची काही वर्षांसाठी राजस्थानात बदली झाली होती. पार सीमेकडच्या माळांवर, जिथे मेंढ्या आणि उंट सोडले तर कुणी फिरकत नाही, तिथल्या चराऊ रानांची माती बघायला त्यांना धाडलं होतं. ताई, म्हणजे दाजींच्या पत्नी, मुलांना घेऊन नाशकात एकट्या राहिल्या. मुलांचे गोवर, शाळेतले प्रवेश, दाजींच्या आईचं आजारपण, सगळं त्यांनी एकटीने निभावलं आणि दाजी सुट्टीवर यायचे तेव्हा ट्रंकेतून बायकोसाठी साडी निघण्याऐवजी मातीच्या पिशव्या निघायच्या. त्या मातीवर त्यांचा जीव जडला होता. वाळू नाही, चिकणमाती नाही, दोन्हींच्या मधलं पिठासारखं काहीतरी. चिमटीत घेतली की बोटांना रेशमासारखी लागते, हे त्यांचं आवडतं वाक्य. दिसायला फिकी, पोटात चुना, वर पापडी, खाली कोरडी ठाक. पाऊस आला तरी पाणी आत घेईल तर शपथ. "पण मेंढीच्या खुराने पापडी मोडली आणि दोन सरी बऱ्या आल्या की हीच माती गवताने अशी भरते म्हणता," असं सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. ताई आतून भांडी आपटायच्या.

त्यांच्या अंगवळणी पडलेल्या सवयी मात्र वाळवंटात राहिल्या नाहीत, सगळ्या घरी आल्या. तिथे पाण्याची मारामार, म्हणून माती भिजवायला थुंकी वापरायची सवय. नाशकात गोदावरी दुथडी वाहत असली तरी दाजी तळहातावर माती घेऊन तिच्यावर थुंकायचे, मळायचे आणि अंगठ्याने दाबून तिची फीत काढायचे. फीत किती लांब निघते यावरून माती कुठल्या जातीची ते कळतं. हे त्यांनी शेतात केलं असतं तर कुणाची काही हरकत नव्हती. त्यांच्या पुतण्यासाठी पंचवटीत मुलगी बघायला गेलो होतो. कांदेपोहे यायला वेळ होता आणि अंगणात तुळस होती. मुलीचे वडील बोलत होते तोवर दाजींनी तुळशीतली चिमूटभर माती उचलून कार्यक्रम सुरू केलासुद्धा. मुलीचे वडील बोलता बोलता थांबले. आमच्याकडची ही काहीतरी रीत असावी असं समजून त्यांनी भीतभीत विचारलं, "ठीक आहे ना सगळं?" दाजी म्हणाले, "माती चोपण आहे. रोप धरणार नाही." त्या माणसाला बिचाऱ्याला काय वाटलं असेल ते वाटो, सोयरीक मोडली.

दुसरी सवय बाटलीची. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी ड्रॉपरची बाटली असायची, तिच्यात पातळ ॲसिड. मातीवर दोन थेंब टाकायचे आणि फसफसलं तर चुना आहे म्हणायचं. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी आयुष्यभराची पुंजी घालून बंगला बांधला, दिवाणखान्यात पांढराशुभ्र संगमरवर घातला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. जेवणं झाल्यावर ते फरशीचं कौतुक सांगत असताना दाजी खाली वाकले आणि मला काही करता येण्याआधी दोन थेंब पडले. फरशी छान फसफसली. "अस्सल आहे. अभिनंदन," दाजी मनापासून म्हणाले. त्या जागेवर पुढे कायम पायपुसणं असायचं आणि आम्हाला त्या घरी कधीच बोलावणं आलं नाही.

पण माझा खरा छळ झाला तो रंगांवरून. दाजी मातीत माणसाच्या उंचीएवढा खड्डा खणून तिचे थर बघायचे आणि वर पाठवायच्या कागदांबरोबर त्या थरांचा फोटो जोडायचे. रोलचा कॅमेरा होता आणि फोटो धुऊन आले की तपकिरी माती गुलाबी दिसायची. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपला साडू चित्रकलेचा मास्तर आहे. झालं, माझे रविवार संपले. सगळं जग दूरदर्शनसमोर बसलेलं असताना मी सिन्नर नाहीतर येवल्याकडच्या कुठल्यातरी खड्ड्याच्या काठावर गुडघे मोडून जलरंग कालवत बसायचो. रंग सूर्यप्रकाशातच बघायचा, दुपार कलल्यावर बघायचा नाही, डोळ्याला गॉगल चालणार नाही, अंगात भडक शर्ट चालणार नाही, असे त्यांचे नियम. त्यांच्याकडे रंगांच्या टिकल्या चिकटवलेलं एक पुस्तक होतं. माझा रंग त्या टिकलीशी जुळेपर्यंत ते मला उठू द्यायचे नाहीत. मी म्हणायचो, "दाजी, बिस्किटाचा रंग आलाय की." ते म्हणायचे, "बिस्किटाचा कुठला? हा फिकट पिवळट तपकिरी. नीट बघा." एका फिकट पिवळट तपकिरीपायी माझी पाठ कायमची गेली, आणि हे मी रागाने म्हणत नाही, आमच्या डॉक्टरांचंही तेच मत होतं.

आता माळखेड्याचं सांगतो. माळखेडे ही आमच्या दोघांचीही सासुरवाडी. नांदगावच्या बाजूला, जिथे पाऊस पोचेपर्यंत दमलेला असतो, तिथलं आडगाव. इगतपुरीला धो धो कोसळतो तो पाऊस हाच का, असा प्रश्न तिथल्या माणसांना दर वर्षी पडतो. गावाच्या उगवतीला मोठं गायरान आहे. एका उन्हाळ्यात सासऱ्यांकडे गेलेलो असताना दाजी सकाळी लोटा घेऊन त्या बाजूला गेले आणि लोटा तिथेच टाकून पळत आले. हातात माती होती. "मास्तर, बोटं लावून बघा." मी लावली. पिठासारखी होती खरी. दोन थेंब टाकले, फसफसली. दाजींचे डोळे पाणावले होते. राजस्थानात सोडून आलेली माती त्यांना स्वतःच्या सासुरवाडीत सापडली होती.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, काही समजेना. "गायरानात काय हाय? लेंड्या अन कुसळं," ते म्हणाले. "ती माती आम्ही धाब्यावर टाकतो. पाणी गळत नाय तिच्यातून. लय जुनी वहिवाट हाय." आमच्याकडच्या त्या बाजूच्या घरांना सपाट मातीचं छप्पर असतं, त्याला धाबं म्हणतात. आप्पांच्या या एका वाक्याने दाजी आणखीच पेटले. पाणी आत घेत नाही, म्हणजे तीच ती. त्यानंतर किती वेळा आम्ही माळखेड्याला गेलो ते विचारू नका. गायरानात इथे तिथे गिरमिटाने भोकं पाडून दाजींनी माती वर काढली. मध्यावर जाड, कडेला पातळ, पण सगळीकडे तीच फिकी पिठूळ माती. शेवटी बरोबर मधोमध त्यांनी मोठा खड्डा खणला आणि मला काठावर बसवलं. त्या खड्ड्यात कमरेच्या खाली एक नाजूक थर होता, कडक, गुळगुळीत, हिरवट करड्या झाकेचा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. दाजी त्यावर लुब्ध होते. ही जुन्या काळातली पापडी आहे, वाऱ्याने आणलेल्या मातीखाली गाडली गेलेली, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मुलखात अशी माती कुणी नोंदवलेली नाही. तो थर रंगवायला त्यांनी मला चार केसांचा ब्रश वापरायला लावला. एक अख्खा रविवार त्या बोटभर थरात गेला.

नव्या मातीला ती जिथे पहिल्यांदा ओळखली गेली त्या गावाचं नाव देतात आणि देशभरच्या मातींच्या पुस्तकात तिची नोंद करतात, अशी त्यांच्या खात्याची रीत. दाजींनी नोकरीभर हजारो खड्डे बघितले, पण प्रत्येक माती दुसऱ्या कुणीतरी आधी ओळखलेल्या मातीच्या खणात नेऊन टाकायची, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. आता निवृत्ती दिसायला लागली होती. निदान एक माती आपल्या हातून नव्याने नोंदली जावी आणि तिला ताईंच्या माहेरचं नाव लागावं, हे त्यांच्या मनाने घेतलं. एकदा संध्याकाळी ते ताईंना माझ्यासमोरच म्हणाले, "त्या वर्षांत तुला काही आणता आलं नाही. हे देईन." त्या दिवशी ताईंनी भांडी आपटली नाहीत. नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या, "आपलं माळखेडं बाई देशाच्या पुस्तकात यायचं म्हणतायत." ज्या गावाला एस.टी. थांबवताना कंडक्टर वैतागायचा, त्या गावाचं नाव पुस्तकात येणार, या कल्पनेने दोघी बहिणी हसल्या, आणि मग दोघींनाही ते खरंच हवंसं वाटायला लागलं.

मग वाट बघणं सुरू झालं. दाजींनी कागद पाठवले, वरून शंका आल्या, दाजींनी उत्तरं दिली, साहेब बदलले, नव्या साहेबांना पहिल्यापासून समजावून सांगितलं. नमुने पाठवले, ते कुठेतरी गहाळ झाले, पुन्हा पाठवले. मी चित्र दोनदा नव्याने काढलं, कारण पहिल्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. दाजींचे केस या काळात पिकले. कंटाळून मी विचारायचो, "दाजी, कशाला एवढा जीव टाकता?" ते फक्त म्हणायचे, "येतील हो." आणि एका हिवाळ्यात खरंच कळलं, वरच्या ऑफिसातले दोन साहेब स्वतः खड्डा बघायला माळखेड्याला येणार. त्यांनी जागेवर बघून होय म्हटलं की झालं.

आदल्या दिवशीच आम्ही सगळे गेलो. ताईंनी माहेरच्या चुलीवर पुरण शिजत घातलं, साहेबांना जेवू घालायचं म्हणून. सकाळी ऊन चढल्यावर दाजी आणि मी गायरानात गेलो. जुना खड्डा पावसाने ढासळला होता, म्हणून त्याची भिंत आत आणखी हातभर तासून ताजी करायची होती. दाजी आत उतरून चाकूने तासायला लागले आणि मी वर बसून थर्मासमधला चहा ओतत होतो. तेवढ्यात त्या नाजूक थराच्या वरचं एक मोठं ढेकूळ सुटून खाली पडलं आणि थराची वरची बाजू उघडी पडली, ताटाएवढी. दाजी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी विचारलं, "कंबर धरली का?" त्यांनी हाताने मला खाली बोलावलं.

त्या गुळगुळीत जागेवर बोटांच्या रेघा होत्या. चार बोटं, अर्धवर्तुळात फिरलेली, एका फेऱ्याला दुसरा फेरा जोडलेला. ज्याने लहानपणी आईला जमीन सारवताना पाहिलंय त्याला ते सांगावं लागत नाही. दाजींनी चाकूच्या टोकाने कडा उकलली तर एका थराखाली दुसरा, त्याखाली तिसरा, पापुद्र्यावर पापुद्रे, कितीतरी सणावारांचं शेणाचं सारवण. जरा बाजूला तासलं तर भाजून लाल झालेली मातीची कड लागली, आत राख. चूल होती. ज्याला दाजी वाऱ्याने आणलेली माती म्हणत होते, ती पावसात विरघळून पसरलेली घरं होती. कधीतरी इथे एक गाव नांदत होतं, ते उठून गेलं, आणि आप्पांच्या पणज्याने दुसरीकडून येऊन माळखेडे वसवलं तेव्हा इथे गवताशिवाय काही उरलं नव्हतं. गावठाणाच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात, तिथली माती फिकीच असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. दाजींनाही ठाऊक होतं. पण त्यांना वाळवंट दिसत होतं ना.

दाजींनी आधी काय केलं, तर बूट काढले. खड्ड्यात उभ्या उभ्या एका हाताने माझा खांदा धरून त्यांनी दोन्ही बूट काढले आणि वर काठावर ठेवले. मग म्हणाले, "मास्तर, मी इथं किती दिवस बुटांनी उभा राहिलो." चहा हातातच गार झाला. दूर रस्त्यावर जीप दिसायला लागली होती.

मोठे साहेब स्वभावाने बरे निघाले. धुळीने माखून, दमून आले होते, बहुधा मनातून लवकर सुटायची इच्छा होती. त्यांनी खड्ड्याभोवती फेरी मारली, माती चिमटीत घेतली, माझं चित्र बघून "वा" म्हणाले, आणि काठावरूनच त्या थराकडे बोट करून म्हणाले, "सुंदर पापडी आहे. अशी मी इकडे पाहिली नव्हती. माझ्या मते मान्य करायला हरकत नाही." सुटलेलं ढेकूळ तिथेच पडलं होतं. वरून कुणाला काही दिसत नव्हतं. इतक्या वर्षांचं घोडं गंगेत न्हायला एक क्षण उरला होता आणि मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो. दाजी खड्ड्यातून म्हणाले, "साहेब, ती पापडी नाही. सारवण आहे. आपण खाली या."

साहेब खाली आले आणि त्यांनी वाकून बघितलं. मग माणूस समजूतदार असल्यामुळे म्हणाले, "असं करू. हा खालचा भाग सोडून देऊ. वरची माती तर नैसर्गिक आहे. तेवढ्यावर भागवता येईल." खरंच भागलं असतं. धाकटे साहेबही मान हलवत होते. दाजी अनवाणी पायांनी त्या जमिनीच्या एका कडेला सरकून उभे होते, पाऊल कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. ते म्हणाले, "वरची माती म्हणजे भिंती आहेत, साहेब. भिंती आणि धाबी. तिला मी माती कशी म्हणू?" मोठ्या साहेबांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. जेवायला चला असं मी म्हटलं, पण त्यांना मनमाडला गाडी गाठायची होती. जीप आली तशी गेली.

खड्डा बुजवायला गावातली दोन माणसं आली होती. दाजींनी त्यांना थांबवलं, जीपमधून नमुन्यांसाठी उतरवलेलं रिकामं पोतं त्या सारवणावर अंथरलं, कोपरे नीट बसवले आणि मग पहिली माती स्वतःच्या हातांनी हळूहळू सोडली. मीही हात लावला. पाठ दुखत होती, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मला त्या माणसाचं फार वाईट वाटत होतं आणि फार कौतुकही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस जास्त थकतो. पुढे दाजी निवृत्त झाले, आता तर ते नाहीतही. त्यांनी ओळखलेली अशी एकही माती कुठल्या पुस्तकात नाही.

घरी आलो तर ताई दारातच उभ्या होत्या. नवी साडी नेसलेल्या, मागे पानं मांडलेली. जीप परस्पर गेलेली त्यांनी ओट्यावरून पाहिली होती. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं," दाजी म्हणाले. पाय धुऊन ते आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. "तुझ्या गावाचं नाव नाही लागायचं. ती माती नव्हती. घरं होती तिथं. एक गाव होतं."

"कुठलं गाव?"

"ते कुणालाच माहीत नाही. नावसुद्धा राहिलं नाही." मग त्यांनी बोटांच्या रेघा सांगितल्या, चूल सांगितली. मला वाटलं, आता ताई बोलतील. त्या सगळ्या वर्षांचं, मातीच्या पिशव्यांचं, एकटीने काढलेल्या आजारपणांचं, सगळं आज निघेल, आणि निघालं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. ताई चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"चूल कुठल्या तोंडाची होती?" त्यांनी विचारलं.

दाजींनी डोळे मिटले. "बसणारीचं तोंड पूर्वेला. तुझ्यासारखंच."

"अन सारवण?"

"फार सुरेख. कुठं फट नाही. कडेपर्यंत हात फिरवलेला."

"म्हणजे निगुतीची होती बाई." ताईंनी साहेबांसाठी मांडलेल्या पानांतलं एक ओढून घेतलं आणि त्यावर पोळी ठेवली, मग जरा विचार करून दुसरी ठेवली. "उन्हं उतरली की मी जाऊन येते तिकडं. तिचं घर उकरलं आपण. तिला उपाशी कसं ठेवायचं?"

मी दाजींकडे पाहिलं. ते तसेच भिंतीला टेकून होते, हातापायांना अजून ती फिकी माती लागलेली. डोळे न उघडताच ते म्हणाले, "तूप जरा जास्त घाल."